कात्रणाचं रिसायकलिंग: मशीन नंतर, आधी कटिंग टेबल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत तुमचं गारमेंट युनिट आहे. टी-शर्ट, शाळांचे युनिफॉर्म आणि गेली दोन वर्षं लेगिंग्ज. महिन्याला साधारण तीन टन कात्रण निघतं आणि भंगारवाला ते सगळं एकाच भावात उचलतो. आता युरोपातल्या ग्राहकाने 'तुमच्या कापडाच्या वेस्टचं पुढे काय होतं?' असं विचारणारा फॉर्म पाठवलाय, आणि भाचा म्हणतोय की आपणच रिसायकलिंगचं मशीन टाकू. तर रिसायकलिंग म्हणजे नेमकं काय, आणि सुरुवात कुठून करायची?

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकलो, सूतगिरणीत वेस्टच्या खात्यात आठ वर्षं काढली आणि गेली चौदा वर्षं भिवंडीजवळ काल्हेरला कात्रण निवडण्याचं गोदाम चालवतोय. म्हणजे मी कात्रण विकत घेणाऱ्यांपैकी आहे. माझा स्वार्थ लक्षात ठेवूनच वाचा.

तुम्ही मशीनचं विचारलंय, पण तुमची अडचण मशीनची नाही. तुमच्या पोत्यात काय आहे हे तुम्हाला सांगता येत नाही, ही अडचण आहे. ग्राहकाच्या फॉर्मचं उत्तर त्यामुळेच अडलंय आणि भंगारवाला एकच भाव देतो तेही त्यामुळेच. मिक्स मालाचा भाव त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरतो. तुमच्या पोत्यात सत्तर टक्के उत्तम कॉटन असेल आणि तीस टक्के लेगिंग्जचं कात्रण असेल, तर घेणारा सगळं पोतं लेगिंग्जचं समजूनच पैसे देणार. त्याला निवडायला माणसं लावावी लागतात, आणि तुमच्याकडे फुकटात वेगळं राहिलं असतं ते त्याच्याकडे मजुरी देऊन वेगळं करावं लागतं.

आता रिसायकलिंग म्हणजे काय ते. आपल्याकडे पूर्वी गल्लीत पिंजारी यायचा, आठवत असेल. गादीतला दबलेला कापूस काढून पिंजायचा, कापूस पुन्हा फुगायचा. कापडाचं यांत्रिक रिसायकलिंग म्हणजे हेच, फक्त एक मोठा फरक आहे. गादीतला कापूस मोकळा असतो. कापडातला तंतू पिळलेला, विणलेला, अडकलेला असतो. तो सोडवायचा तर ओढावा लागतो, आणि ओढताना तुटतो. कात्रणाचे आधी बारीक तुकडे करतात, मग खिळे लावलेल्या एकामागून एक ड्रमांतून ते फाडत नेतात. पहिल्या ड्रमाला खिळे जाड आणि विरळ, शेवटच्याला बारीक आणि दाट. शेवटी जे बाहेर पडतं ते दिसायला कापसासारखं, पण त्यातला तंतू आखूड झालेला आणि काही धूळ होऊन गेलेला.

आखूड तंतूमुळे पुढचं सगळं ठरतं. नवा कापूस २८-३० मिलिमीटर लांबीचा असेल तर फाडलेल्यात त्याच्या निम्म्याहून कमी लांबीचे तंतू भरपूर सापडतात. त्यातून बारीक, मऊ सूत निघत नाही. म्हणून हा माल रिंग फ्रेमवर, म्हणजे बारीक सुताच्या यंत्रावर, क्वचित जातो, जातो तो ओपन एंडवर, म्हणजे आखूड तंतू चालवून घेणाऱ्या जाड सुताच्या यंत्रावर, आणि तोही नव्या कापसात किंवा पॉलिएस्टरमध्ये मिसळून. जाड काउंट, म्हणजे साधारण सहा ते वीसच्या आसपास (काउंटचा आकडा जितका लहान तितकं सूत जाड). त्यातून जाड टी-शर्ट, स्वेटशर्ट, डेनिम, सतरंज्या, पडदे उत्तम होतात. तुमच्या आजच्या पातळ टी-शर्टचं सूत मात्र त्यातून तसंच्या तसं मिळेल अशी आशा धरू नका.

विणीचाही फरक पडतो. होजियरी, म्हणजे बनियन-टीशर्टचं कापड, फासांचं असतं आणि त्याच्या सुताला पीळ कमी, त्यामुळे ते पटकन उकलतं. दाट विणीचं पॉपलिन किंवा युनिफॉर्मचं सूटिंग उकलताना तंतूचं पीठ होतं. तुमच्याकडे टी-शर्टचं कात्रण आहे, ही तुमची जमेची बाजू. युनिफॉर्मचं टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटनचं मिश्रण, सुतासाठी जवळजवळ बाद. ते फेल्टमध्ये, गाडीच्या आतल्या पॅडमध्ये, गाद्यांच्या भरावात जातं. वाईट काही नाही त्यात, पण त्या मालाला सुताच्या कापसाचा भाव येत नाही.

हा धंदा काही आजचा नाही. इंग्लंडात यॉर्कशरच्या बॅटली गावात १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या फाडून त्यांचं पुन्हा कापड केलं, त्याला 'शॉडी' म्हणतात. आपल्याकडचं पानिपत आजही त्याच शब्दावर चालतं. परदेशातले जुने कपडे गुजरातेतल्या कांडल्याच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) निवडले जातात, आणि लोकरीचे, ॲक्रिलिकचे पानिपतला जाऊन त्यांची ब्लँकेटं होतात. पूर-भूकंपात वाटलेली कितीतरी ब्लँकेटं तिथलीच. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे होजियरीचं कात्रण रंगानुसार निवडून, पुन्हा न रंगवता त्याचं सूत करतात. नेव्ही कात्रणातून नेव्ही सूत. रंगाचं पाणी, केमिकल, वाफ सगळं वाचतं. तुमच्या मालाला पानिपतपेक्षा तिरुपूरचा रस्ता जवळचा आहे.

दुसरा प्रकार रासायनिक, आणि याबद्दल तुमच्या भाच्याने बरंच वाचलेलं दिसतंय. पॉलिएस्टर रसायनांनी मोडून त्याचे मूळ घटक वेगळे करता येतात आणि पुन्हा नवं पॉलिएस्टर करता येतं. कॉटनचा रसायनांनी लगदा करता येतो आणि तो विरघळवून त्यातून व्हिस्कोस किंवा लायोसेल हे नवे तंतू काढता येतात. यात तंतू आखूड होण्याचा प्रश्नच राहत नाही. पण बाजारात 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' म्हणून जे येतं ते जवळजवळ सगळं पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं असतं, जुन्या कापडाचं नव्हे. बाटली एकाच प्लॅस्टिकची, स्वच्छ, पारदर्शक. शर्टात रंग, फिनिश, बटण, दोरा, अस्तर. कॉटनच्या लगद्याचं मोठं उदाहरण स्वीडनच्या रीन्यूसेलचं. २०२२ मध्ये त्यांनी सुंडस्वालला कारखाना सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकाकडे ते काम सर्क्युलोज नावाने गेलं. तंत्र चाललं होतं, पण त्या भावाला पुरेशा ऑर्डर आल्या नाहीत. जगातल्या एकूण तंतूंत कापडापासून परत मिळवलेल्या तंतूचा वाटा आजही एक टक्क्याच्या आत आहे तो उगीच नाही. तुमच्या पातळीवर रासायनिक मार्ग हा फक्त 'माल कुणाला द्यायचा' एवढाच प्रश्न आहे, आणि तो घेणारेही पहिला प्रश्न तोच विचारतात: यात नेमकं काय आहे, आणि लायक्रा (कापडाला ताण देणारा रबरासारखा धागा) किती?

लायक्राबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुमच्या लेगिंग्ज हाच तुमच्या गोदामातला सुरुंग आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात मी दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला चार टन काळं आणि नेव्ही कॉटन होजियरी पाठवलं. माल मी हाताने निवडून घेतला होता, निदान तसं मला वाटत होतं. नवी मुंबईतल्या एका युनिटकडून आलेल्या काही गोण्यांत कॉटन-लायक्राचं काळं रिब मिसळलेलं होतं. कॉटनवर कॉटन, काळ्यावर काळं, डोळ्याला काही कळत नाही. मशीनमध्ये कॉटन तुटतं, पण लायक्रा तुटत नाही, ते ताणलं जातं. खिळ्यांभोवती गुंडाळतं, गरम होतं आणि आजूबाजूचे तंतू घेऊन गोळा होतं. आठ दिवसांनी माझा ट्रक परत आला, दोन्ही बाजूंचं भाडं माझ्या डोक्यावर. सोबत गिरणीच्या मास्तरांनी एक पॉलिथिनची पुडी पाठवली होती. आत वाटाण्याएवढ्या काळ्या गोळ्या, दाबल्या की रबरासारख्या परत फुगणाऱ्या. ती पुडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन युनिटचे कटिंग मास्टर आले की आधी चहा, मग ती पुडी.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: काळा तुकडा ओढून बघितल्याशिवाय पोत्यात नाही. आमच्याकडे कळव्याच्या एक मावशी आहेत, अकरा वर्षं निवडण्याचं काम करतात. तुकडा दोन्ही अंगठ्यांत धरून आडवा ओढतात आणि सोडतात. परत कसा येतो तेवढ्यावरून सांगतात. शंका आली तर कडेचा एक धागा उपसून काडी लावतात. कॉटन कागदासारखं जळतं आणि हलकी राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो, लोकर जळक्या केसांसारखी वासते. मिश्रण असेल तर दोन्हींचं काहीतरी अर्धवट होतं. हे गोदामाबाहेर, पाण्याची बादली शेजारी ठेवून करायचं, गोण्यांच्या ढिगाशेजारी नाही. प्रमाणच हवं असेल तर प्रयोगशाळा लागते. ७५ टक्के गंधकाम्लात कॉटन विरघळतं आणि पॉलिएस्टर मागे उरतं, त्या वजनावरून टक्का निघतो. प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे, तिथे ही तपासणी करून मिळते.

आता हातात धरायचे स्कॅनरही आलेत, अवरक्त प्रकाशावर चालणारे. बेलापूरला नवी मुंबई महापालिकेने घरगुती जुन्या कपड्यांसाठी वस्त्र पुनर्प्राप्ती केंद्र सुरू केलंय, तिथे असे स्कॅनर वापरतात. वेळ काढून बघून या, लांब नाही तुम्हाला. पण स्कॅनर पृष्ठभाग वाचतो, अस्तर किंवा आतला थर त्याला दिसत नाही. थोडंसं लायक्रा त्याच्या नजरेतून सुटू शकतं. आणि गंमत म्हणजे गडद काळ्या मालावर तो हमखास गडबडतो, कारण काळा रंग प्रकाश गिळून टाकतो. म्हणजे जिथे मला खरी गरज, नेमकं तिथेच मावशींचे अंगठे लागतात.

तुम्हाला मात्र यातलं काहीच लागायचं कारण नाही, कारण कापड कशाचं आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं. रोलवर लेबल असतं, जॉबकार्डावर कोड असतो. ती माहिती कटिंग टेबलावर जिवंत असते आणि झाडूने कात्रण एका कोपऱ्यात लोटलं की त्या क्षणी मरते. पुढे मी, मावशी, स्कॅनर आणि प्रयोगशाळा मिळून जे शोधतो ते तुमच्या कटिंग मास्टरला सकाळी साडेनऊला ठाऊक होतं.

तेव्हा पहिली गुंतवणूक म्हणजे रंगीत गोण्या आणि एक वजनकाटा. निव्वळ कॉटन पांढरं एका गोणीत, कॉटन रंगीत दुसऱ्या, टेरीकॉट तिसऱ्या, लायक्रा असलेलं सगळं चौथ्या, आणि काहीच कळत नाही ते पाचव्या. ले, म्हणजे एकावर एक अंथरलेला कापडाचा थर, कापून झाला की दुसरा अंथरण्याआधी त्या लेचं कात्रण त्याच्या गोणीत गेलंच पाहिजे. हेल्परला दिवसात वीस मिनिटं जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात कटकट होईल, मास्टर म्हणतील प्रॉडक्शन पडतंय. तेव्हा त्यांना सांगा की पांढऱ्या कॉटनला जो जास्त भाव मिळेल त्या फरकाचे पैसे पहिले तीन महिने कटिंग खात्यात वाटू. आमच्याकडे माल देणाऱ्या एका युनिटने हे केलं, आणि आता तिथे लायक्राचा तुकडा चुकून पांढऱ्यात पडला तर हेल्परच ओरडतो.

कापडाबरोबर आणखी काय येतं तेही बघा. मार्करचा कागद, लेच्या खाली अंथरलेलं पॉलिथिन, बंडलवरचे स्टिकर, कॅनव्हासचे तुकडे. कागद धुळीत निघून जातो. स्टिकर निघत नाही, त्याचा गोंद खिळ्यांना बसतो. रिजेक्ट पीस कात्रणात अजिबात टाकू नका. शिवलेल्या टी-शर्टात पॉलिएस्टरचा दोरा असतो, मानेला लेबल असतं, छातीवर प्लॅस्टिसोलची, म्हणजे प्लॅस्टिकच्या शाईची, छपाई असते. ते वेगळं ठेवा आणि जमलं तर आधी तसंच्या तसं विका. वापरता येणारा कपडा फाडणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. बोहारणीला हे आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं: साडी धड असेल तर डबा, विरली असेल तर वाटी.

आता मशीनचं. तासाला दोन-तीनशे किलो ओढणारी छोटी फाडणी लाइन घेतलीत, तर तुमचं महिन्याचं तीन टन ती दीड दिवसात संपवेल. उरलेले दिवस बाहेरून माल आणावा लागेल, म्हणजे तुम्ही गारमेंटवाले राहणार नाही, माझ्यासारखे गोणीवाले व्हाल. शिवाय समजा तीन टनांपैकी निम्मं, दीड टन, निव्वळ कॉटन होजियरी निघालं. फाडताना पंधरा टक्के धूळ धरली तर हातात येतो १२७५ किलो तंतू. सुतात हा तंतू तीस टक्के आणि बाकी नवा कापूस किंवा पॉलिएस्टर धरलं तर त्यातून सव्वाचार टन सुताचा माल होतो. तेवढा एकाच रंगाचा असेल तर एखादी छोटी गिरणी हातात घेईल. दहा रंगांत विखुरला असेल तर दारही उघडणार नाही.

आगीचा विचार तर वेगळाच. कात्रणातून एक तुटकी सुई किंवा झिपचा दात ड्रममध्ये गेला की ठिणगी, आणि आत असतो मोकळा कापूस आणि वारा. लोहचुंबक आणि ठिणगी ओळखणारी यंत्रणा नसलेली लाइन स्वस्त मिळते. का मिळते ते भिवंडीच्या कुठल्याही गोदामवाल्याला विचारा. धुळीचं म्हणाल तर कॉटनच्या धुळीने फुफ्फुसं खराब होतात, गिरणगावात हा आजार दोन पिढ्यांनी बघितलाय. शोषण यंत्रणा, प्रदूषण मंडळाची संमती, अग्निशमनचा दाखला हे सगळं लाइनच्या किमतीत धरा आणि मग भाच्याला पुन्हा हिशेब करायला सांगा.

हे तुमच्या आकड्यांवरचं उत्तर झालं. महिन्याला तीस टन एकाच जातीचं कात्रण निघत असतं, किंवा आजूबाजूची दहा युनिटं एकत्र येऊन एका शिस्तीने माल देणार असती, तर मी असं ठामपणे बोललो नसतो.

ग्राहकाच्या फॉर्मबद्दल. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक झालंय, त्यामुळे हे प्रश्न आता वाढतच जाणार. पण तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. तुमचं कात्रण कुठे जातं हा एक प्रश्न, आणि तुमच्या कपड्यात रिसायकल्ड सूत किती हा दुसरा. पहिल्यासाठी तुम्हाला सर्टिफिकेट लागत नाही. जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) किंवा आरसीएस (रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड) या रिसायकल्ड मालाच्या मानकांत सर्टिफिकेशन रिसायकलरपासून सुरू होतं. कात्रण देणाऱ्याने लेखी घोषणा द्यायची असते की माल कुठला, कसला, किती, आणि कागद दाखवायची तयारी ठेवायची. तारीखवार वजनांची वही आणि चलनं असली की झालं. दुसऱ्यासाठी, म्हणजे टी-शर्टावर जीआरएसचं लेबल लावायचं असेल, तर रिसायकलरपासून तुमच्यापर्यंत प्रत्येक टप्पा सर्टिफाइड हवा, प्रत्येक व्यवहाराला ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट हवं, आणि मालात किमान ५० टक्के रिसायकल्ड हवं. २० टक्क्यांवर सर्टिफिकेशन मिळतं, पण त्या मालावर लेबल लावता येत नाही. आरसीएसला ५ टक्के पुरतात. एजंट हे आकडे एकमेकांत मिसळून सांगतात, सांभाळा.

पावसाळ्याचं एक. कॉटन हवेतलं पाणी धरतं, त्याची मान्य आर्द्रताच साडेआठ टक्के आहे, पॉलिएस्टरची अर्धा टक्काही नाही. जुलैत रबाळ्याच्या शेडमध्ये जमिनीवर ठेवलेली गोणी वजनाला छान वाटते, पण घेणारा ओलावा कापतो आणि बुरशीचा काळा डाग दिसला की पांढऱ्या गोणीला रंगीतचाच भाव मिळतो. लाकडी पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आणि बारीक कॉटन तुकडे तिथल्याच इंजिनियरिंग कारखान्यांना पुसायला देता येतात, तुर्भे-महापेत त्याला कायम गिऱ्हाईक आहे. मात्र फॉर्मवर त्याला रिसायकलिंग लिहू नका. तेल लागलेली चिंधी नियमाने घातक कचऱ्यात मोडते आणि रीतसर गेली तर शेवटी तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाते.

सोमवारपासून पाच गोण्या लावा. चार आठवडे प्रत्येकीचं वजन रोज लिहा, लायक्राच्या गोणीला लाल सुतळी बांधा. ते पाच आकडे घेऊन पुन्हा विचारा, मग कोणता माल कुणाकडे आणि कुठल्या भावाने याचं बोलता येईल. भंगारवाल्याला तोवर काही सांगू नका, पांढरी गोणी फक्त बाजूला काढून ठेवा.